गुळगुळीत दाढीसाठी फेस, तेल आणि बाम यांची निवड

दाढीनंतर गाल चरचरतात, गळ्यावर बारीक लाल पुरळ उठते, कॉलर घासली की आग होते, अशी तक्रार घेऊन दुकानात गेलेल्या माणसाच्या हातात बहुधा आफ्टरशेव्ह बामची बाटली ठेवली जाते. बाम उपयोगाचा असतोच. परंतु चरचर निर्माण होते ती रेझर गालावरून फिरत असताना, आणि बाम लागतो तो सगळे आटोपल्यावर. त्यामुळे पैसा आणि लक्ष हे दोन्ही आधी द्यायला हवे ते पाते फिरण्यापूर्वीच्या तयारीला, म्हणजे पाण्याला, फेसाला आणि गरज असेल तरच तेलाला. यांपैकी प्रत्येकाचे काम वेगळे आहे. कोणाचे काम काय, हे नीट उमगले की जाहिरातीतल्या विशेषणांवर विसंबून राहावे लागत नाही आणि एकाच कामासाठी तीन-तीन वस्तू घरात येत नाहीत.

केसाला पाणी, त्वचेला फेस

दाढीचा केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. कोरडा असताना तो चांगलाच चिवट असतो, कारण या प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. केसात पाणी शिरले की हे बंध सैल होतात, केस थोडा फुगतो आणि तो कापायला लागणारा जोर बराच कमी होतो. मात्र पाण्याला आत शिरायला वेळ द्यावा लागतो. कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटे चेहरा ओला राहिला, तर होणारा बहुतेक फायदा पदरात पडतो. ओल्या हाताने गालावरून एकदा पुसल्यासारखे केले आणि लगेच साबण फासला, तर तो पडत नाही. केसांवर आणि त्वचेवर नैसर्गिक तेलाचा पातळ थर असतो व तो पाण्याला अडवतो, म्हणून आधी साध्या साबणाने किंवा फेसवॉशने चेहरा धुवावा, किंवा सरळ अंघोळीनंतर दाढी करावी. गावातले जुने नाभिक कारागीर वाटीतले पाणी बोटांनी गालावर बराच वेळ चोळत बसत, त्यामागे हेच शास्त्र होते. पाणी कढत मात्र नको, कारण कढत पाण्याने त्वचा कोरडी पडते आणि आधीच लाल होते. ही दोन मिनिटे वाचवली, तर पुढे कितीही महागडे साहित्य लावले तरी ती बिनपाण्याची हजामतच ठरते.

मग नुसत्या पाण्यावरच दाढी का करू नये, असा प्रश्न येथे साहजिकपणे पडतो. त्याचे उत्तर त्वचेच्या एका गुणात आहे, आणि या साऱ्या विषयाची किल्ली मला तेथेच दिसते. पाण्याने केस मऊ होतो, पण त्वचाही मऊ होते, आणि मऊ, ओलसर त्वचा कोरड्या त्वचेपेक्षा अधिक चिकटते. पात्याची आणि रेझरच्या दांडीची जितकी जागा तिला टेकते, तितके घर्षण वाढते. रेझर अडखळला की हात आपोआप जोर लावतो, जोर लावला की पात्यापुढे त्वचेची बारीकशी लाट उठते, आणि पाते केसाबरोबर त्या लाटेचा माथाही खरवडून नेते. त्वचेच्या सर्वांत बाहेरचा संरक्षक थर चेहऱ्यावर मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकाही जाड नसतो. तो असा जागोजागी खरवडला गेला की डोळ्यांना काही दिसत नाही, पण पाणी लागताच झोंबू लागते. म्हणून केस भिजलेला आणि त्वचा निसरडी, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतात. पहिली पाण्याने साधते आणि दुसरी वंगणाने.

वंगणाविषयी बोलताना पात्याला विसरून चालत नाही. 1960च्या दशकापासून पात्यांच्या धारेवर टेफ्लॉनच्या जातीचा अतिशय पातळ लेप देतात, म्हणजे एक वंगण पात्यावरच बसवलेले असते, आणि ते वापरागणिक झिजते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी 2020 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले की केस पोलादापेक्षा सुमारे 50 पट मऊ असूनही धारेचे सूक्ष्म टवके उडवू शकतो. पोलादाची अंतर्गत घडण जेथे एकसारखी नसते तेथे, केस वाकून धारेवर तिरका दाब देतो तेव्हा, हे टवके उडतात. अशी खडबडीत झालेली धार कोणत्याही क्रीमने किंवा तेलाने गुळगुळीत होत नाही. पाते ओढू लागले की ते बदलणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि तो करून पाहिल्याशिवाय नवीन क्रीम विकत घेऊ नये.

फेस कशाचा, आणि किती ओला

शेव्हिंग क्रीम किंवा दाढीचा साबण हा मुळात साबणच असतो, पण त्याची घडण अंघोळीच्या वडीहून वेगळी असते. तेलातील मेदाम्ले सोडियमशी किंवा पोटॅशियमशी संयोग पावली की साबण तयार होतो. सोडियममुळे वडी कडक होते. पोटॅशियममुळे साबण मऊ राहतो, पाण्यात सहज विरघळतो आणि अधिक पाणी धरून ठेवतो. म्हणून क्रीमच्या ट्यूबवर पोटॅशियम हायड्रॉक्साइड हे नाव दिसते. मेदाम्लांमध्येही फरक असतो. खोबरेल तेलातून मुख्यतः मिळणारे लॉरिक आम्ल मोठे बुडबुडे झटपट देते, पण ते तितक्याच झटपट फुटतात आणि नाजूक त्वचेला ते काहीसे बोचकही असते. स्टिअरिक आम्लाचा फेस उठायला वेळ लागतो, पण तो बारीक, दाट आणि टिकाऊ असतो. चांगल्या क्रीममध्ये पाण्यानंतर पहिला किंवा दुसरा घटक स्टिअरिक आम्ल असतो, त्यामागोमाग खोबरेलाचा अंश असतो आणि ओलावा धरून ठेवण्यासाठी ग्लिसरीन असते.

अंघोळीच्या साबणाने दाढी केली तर काय बिघडते, असे अनेक जण विचारतात. भारतीय मानकांप्रमाणे 76 टक्के किंवा त्याहून अधिक टीएफएम, म्हणजे एकूण मेदद्रव्य, असलेला साबण पहिल्या प्रतीचा मानला जातो, आणि वेष्टनावर तो आकडा पाहून घेण्याची सवय चांगली आहे. परंतु तो आकडा अंघोळीच्या वडीचा दर्जा सांगतो. फेस गालावर तीन-चार मिनिटे न सुकता टिकेल की नाही, याबद्दल तो काहीच सांगत नाही. अंघोळीच्या वडीचा फेस एक गाल होईपर्यंत दुसऱ्या गालावर सुकून गेलेला असतो आणि पाते तेथे ओलसर, चिकट त्वचेवरून ओढले जाते.

फेसाची उंची पाहून त्याची प्रत ठरवू नये, हे मला विशेष आग्रहाने सांगावेसे वाटते. फुगलेला, कोरडा, पांढराशुभ्र फेस छायाचित्रात छान दिसतो, पण त्यात हवा जास्त आणि पाणी कमी असते. वंगणाचे काम बुडबुडे करत नाहीत, तर बुडबुड्यांच्या भिंतींमध्ये अडकलेले साबणाचे पाणी करते. बुडबुडे ते पाणी केवळ गालावर धरून ठेवतात. ब्रश कोमट पाण्यात मिनिटभर भिजवून हलका झटकावा, ट्यूबमधून सुमारे दोन सेंटिमीटर क्रीम वाटीत किंवा थेट गालावर घ्यावे आणि गोल फिरवायला सुरुवात करावी. प्रथम चिकट, जाडसर लगदा होतो, आणि बहुतेक लोक येथेच थांबून दाढीला लागतात. खरे तर येथून पुढे ब्रशच्या टोकाने पाण्याचे काही थेंब घ्यायचे, पुन्हा फिरवायचे, पुन्हा काही थेंब घ्यायचे. मिनिटाभरात मोठे बुडबुडे नाहीसे होतात, फेसाला चमक येते आणि तो घुसळलेल्या दह्यासारखा मऊ होऊन ब्रशवरून सावकाश वाकतो. आता थोडासा फेस अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये दाबून बोटे एकमेकांवर घासावीत. बोटे अडकत असतील तर पाणी कमी आहे; बोटांवरून फेस पाण्यासारखा ओघळत असेल तर पाणी जास्त झाले आहे; बोटे दाबूनही सरकत राहिली तर फेस तयार आहे.

आणखी एक पारख रेझर फिरवल्यावर करता येते. एक पट्टा कापून झाला की त्या जागी ओले बोट फिरवून पाहावे. चांगला साबण दिसेनासा झाल्यावरही त्वचेवर निसरडा पापुद्रा मागे ठेवतो. तो असेल, तर राहिलेल्या दोन-चार केसांवर पाते पुन्हा अलगद फिरवता येते. तो नसेल, तर तेथे पाते पुन्हा लावण्यापूर्वी फेस पुन्हा लावलाच पाहिजे. जबड्याखाली आणि हनुवटीजवळ बहुतेकांना लागते ते याच कारणाने, कारण तेथे फेस एकदाच लावलेला असतो आणि पाते मात्र पाच-सहा वेळा फिरते.

डब्यातला तयार फोम दाबाखालच्या वायूमुळे बाहेर पडतानाच फुगलेला असतो, म्हणून तो लवकर लागतो आणि लवकर सुकतो. घाईच्या सकाळी त्याचा उपयोग आहे, मात्र तो ओल्या चेहऱ्यावर लावून ओल्या हाताने चांगला चोळावा. जेल गालावर चोळताना आपोआप फेसाळते, कारण त्यात आयसोपेंटेनसारखा द्रव असतो, जो सुमारे 28 अंश सेल्सियसला उकळतो आणि त्वचेच्या उबेनेच त्याची वाफ होते. न फेसाळणारी पारदर्शक जेल मिळते ती राखलेल्या दाढीला कट देणाऱ्यांच्या फार उपयोगाची आहे, कारण कडेची रेघ तिच्यातून स्पष्ट दिसते. ब्रशशिवाय लावायचे क्रीम हा प्रकारही जुनाच आहे. अमेरिकेत 1919 साली फ्रँक शील्ड्स यांनी असे क्रीम बाजारात आणले. त्यात साबण कमी आणि स्निग्ध द्रव्य जास्त असते, त्यामुळे ते कोरड्या त्वचेला मानवते, पण रेझरमध्ये अडकून बसते.

काट्रिजच्या, म्हणजे रेझरच्या बदलता येणाऱ्या पात्यांच्या संचाच्या, डोक्यावर जी रंगीत पट्टी असते, तिच्यात पॉलिएथिलीन ऑक्साइड हे पाण्यात विरघळणारे बहुवारिक असते. 1985 साली जिलेटच्या एका रेझरवर ती प्रथम मोठ्या प्रमाणावर आली. ओली झाली की ती बुळबुळीत होते आणि पात्यामागे वंगणाची पातळ रेघ सोडते. पट्टी फिकी पडली म्हणजे पाते बोथट झाले असे नाही, आणि पट्टी ठळक आहे म्हणून पाते धारदार आहे असेही नाही.

पाणी जड असेल तर

साहित्य चांगले, हात सरावलेला, तरीही फेस उठत नाही, अशी तक्रार करणाऱ्याने आधी नळाकडे पाहावे. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असेल, तर ते साबणातील स्टिअरिक आम्लाला धरून त्याचा न विरघळणारा पांढरा साका करतात. शालेय पुस्तकात ज्याला दुष्फेन पाणी म्हणतात ते हेच. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल भरपूर असल्याने त्याला या पाण्याचा त्रास अधिक होतो. महाराष्ट्रात बेसाल्टच्या खडकात खणलेल्या बोअरवेलचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. धरणाचे पाणी पिणाऱ्या शहरांतही ज्या सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर आणि बोअरवर चालतात, तेथे तेच क्रीम मार्चपर्यंत छान फेसाळते आणि एप्रिलमध्ये अंग टाकते, मग दोष मात्र ट्यूबला दिला जातो. लंडनमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींनाही हा अनुभव येतो, कारण तिथले पाणी चुनखडीच्या थरांतून येते आणि चांगलेच जड असते.

खात्री करून घेणे सोपे आहे. दोन सारख्या बाटल्यांपैकी एकीत नळाचे आणि दुसरीत आरओचे पाणी अर्धे भरावे, दोन्हींत साबणाचा सारखाच चुरा टाकावा आणि हलवावे. नळाच्या पाण्यावर फेसाऐवजी दुधट गढूळपणा आणि कडेला साका दिसला, तर पाणी जड आहे. अशा वेळी ब्रश भिजवायला आणि फेस करायला अर्धी वाटी आरओचे पाणी घेतले तरी पुरते. चेहरा धुवायला नळाचे पाणी चालते. ते शक्य नसेल तर ईडीटीए असलेले क्रीम निवडावे, कारण हा घटक कॅल्शियमला साबणापासून दूर बांधून ठेवतो. पुष्कळशा साध्या, किराणा दुकानात मिळणाऱ्या ट्यूबमध्ये तो असतो, आणि हाताने बनवलेल्या महाग साबणाच्या वडीत तो बऱ्याचदा नसतो. किमतीवरून निवड करणाऱ्याची येथे हमखास फसगत होते.

तेल, ग्लिसरीन आणि कोरफड

दाढीपूर्वी लावायचे तेल हा सध्या गाजणारा प्रकार आहे. त्याबद्दल माझे मत असे की फेस नीट जमत असेल तर बहुतेकांना त्याची गरज नाही. कोरडी त्वचा, अतिशय राठ केस किंवा गळ्यावर सतत उठणारी पुरळ असेल, तर मात्र त्याचा चांगला उपयोग होतो. लावण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. कोरड्या गालावर आधी तेल लावले तर ते केसात शिरू पाहणाऱ्या पाण्याला अडवते, म्हणून चेहरा आधी भिजवावा आणि मग तीन-चार थेंब ओल्या त्वचेवर चोळावेत. याहून जास्त तेल घेतले तर ते फेस मारते आणि पाच पात्यांच्या काट्रिजच्या फटी भरून टाकते.

कोणते तेल घ्यावे, याचे उत्तर त्वचेप्रमाणे बदलते. एरंडेल तेल दाट असते आणि त्यातील रिसिनोलिक आम्लामुळे ते पृष्ठभागाला चांगले धरून राहते. इंजिनाच्या वंगणातही ते एके काळी वापरत, आणि ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव त्याच्याच इंग्रजी नावावरून आले आहे. नुसते एरंडेल फार चिकट लागते, म्हणून त्यात द्राक्षबियांचे किंवा बदामाचे तेल दोन-तीन पट मिसळावे. खोबरेल घरात असतेच, पण ते 24 अंशांच्या आसपास गोठते. हिवाळ्यात थंड पाण्याखाली रेझर धरला की ते पात्यांच्या मध्ये घट्ट बसते, शिवाय मुरुमे येणाऱ्या चेहऱ्यावर ते रंध्रे बुजवते. पेट्रोलियम जेली फेसाखाली मुळीच लावू नये. ती पाण्याने निघत नाही, केसाला भिजू देत नाही आणि पात्याला चिकटते; तिची जागा दाढीनंतर, कोरड्या पडलेल्या एखाद्या टापूवर आहे.

तेलकट त्वचेच्या माणसाला तेलाऐवजी ग्लिसरीन बरे. दोन-चार थेंब ओल्या तळहातावर घेऊन गालावर लावले की निसरडेपणा वाढतो, फेस मरत नाही आणि सगळे पाण्याने धुऊन जाते. कोरफडीचा गरही याच कामाचा आहे, कारण त्यातील बुळबुळीत शर्करा पाणी धरून ठेवतात. मात्र कुंडीतले पान कापल्यावर ते दहा-पंधरा मिनिटे उभे ठेवून सालीजवळचा पिवळा चीक गळू द्यावा आणि पान धुऊन मगच सोलावे, कारण तो चीक अनेकांच्या त्वचेला खाजवतो.

दाढीनंतर: तुरटी, आफ्टरशेव्ह आणि बाम

दाढी संपली की थंड पाण्याने साबण पूर्ण काढणे हे पहिले काम. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, त्याचा पीएच साधारण 4.5 ते 5.5 असतो, आणि साबणाचा 9 ते 10, म्हणजे अल्कधर्मी. साबणाचा अंश कानाखाली किंवा जबड्याच्या कडेला राहिला, तर तेथेच तासाभराने खाज सुटते.

सलूनमध्ये फिरणारी तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि ॲल्युमिनियम यांचे सल्फेट. ती प्रथिने गोठवते आणि त्वचा आकसवते, त्यामुळे बारीकशा कापण्यातून येणारे रक्त थांबते. तुरटी कोठे झोंबते यावरून हात कोठे जड पडला तेही कळते, हा तिचा फार चांगला उपयोग आहे. पण तुरटीत ओलावा देण्याचा गुण नाही, उलट ती कोरडेपणा आणते. म्हणून ती अर्ध्या मिनिटाने धुऊन टाकावी आणि वर बाम लावावा. एकच तुरटी अनेकांच्या गालांवरून फिरवणे धोक्याचे आहे, कारण हिपॅटायटिस बी आणि सी हे विषाणू रक्तातून पसरतात. सलूनमध्ये नवे पाते आपल्या समोर लावायला सांगावे आणि तुरटी नको म्हणावे, किंवा आपली स्वतःची न्यावी. यात कोणाचा अपमान होत नाही, आणि चांगला कारागीर ते मनावर घेत नाही.

पातळ, रंगीत आफ्टरशेव्हमध्ये बहुधा निम्म्याहून अधिक अल्कोहोल असते. ते लावल्यावर भाजल्यासारखे वाटते, कारण उष्णता ओळखणाऱ्या चेतातंतूंचा उंबरठा अल्कोहोलमुळे खाली येतो आणि त्यांना शरीराची नेहमीची ऊबही चटका वाटू लागते. मेंथॉल याच्या उलट थंडी ओळखणारी ग्राहके चेतवते, म्हणून तापमान न बदलताही गार वाटते. दोन्ही अनुभव खरे आहेत, पण त्यांतला कोणताही त्वचा बरी होत असल्याची खूण नाही. ज्यांची त्वचा तेलकट आणि दणकट आहे त्यांनी सुगंधासाठी असे आफ्टरशेव्ह खुशाल लावावे. ज्यांना आग होते त्यांनी ते सोडून बामकडे वळावे.

बाममध्ये तीन प्रकारचे घटक एकत्र काम करतात. ग्लिसरीनसारखे घटक पाणी ओढून धरतात. जोजोबा, स्क्वालेन, शिया बटर, डायमेथिकोन यांसारखे घटक खरवडलेल्या थरातल्या फटी भरून त्वचा मऊ करतात. पेट्रोलॅटम किंवा मेण यांसारखे घटक वर झाकण घालून ओलावा उडू देत नाहीत. यांच्या जोडीला दाह शमवणारे पँथेनॉल, ॲलँटोइन किंवा बिसाबोलोल असले की बाम चांगला समजावा. भारतात सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात, आणि एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यांच्यामागून कोणत्याही क्रमाने येऊ शकतात. त्यामुळे पुढच्या बाजूला चंदनाचे किंवा कडुनिंबाचे चित्र असेल आणि मागच्या यादीत त्याचे नाव सुगंधाच्याही खाली असेल, तर ते जवळपास नावापुरतेच आहे, असे समजायला हरकत नाही. यादीत अल्कोहोल हा शब्द दिसताच दचकण्याचे मात्र कारण नाही. पाण्यानंतर लगेच साधे किंवा ‘डिनेचर्ड’ अल्कोहोल असेल तर तो बाम कोरडेपणा आणील; सिटाइल, स्टिअरिल किंवा सिटिअरिल अल्कोहोल हे मेणासारखे स्निग्ध पदार्थ आहेत आणि ते त्वचेला मऊच करतात.

हवामानाचा विचार करून बाम बदलावा. कोकणात आणि गोव्यात दमट हवेत जड बाम दिवसभर चिपचिपतो, तेथे पाण्यासारखे हलके जेल किंवा पातळ लोशन पुरेसे होते. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात आणि नाशिककडच्या थंडीत नुसते ग्लिसरीन लावून भागत नाही. हवेतच ओलावा नसल्याने त्याच्यावर झाकण घालणारा घटक लागतो. मुरुमे येणाऱ्यांनी कोको बटर आणि खोबरेल असलेले बाम टाळावेत. बाम टॉवेलने टिपलेल्या, पण अजून ओलसर असलेल्या चेहऱ्यावर लावावा, कारण ग्लिसरीनला धरून ठेवायला पाणी तेथेच मिळते. नवीन बाम थेट गालावर न लावता कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून पाहावा; सुगंधाची ॲलर्जी पहिल्याच दिवशी दिसेल असे नसते.

घरगुती उपायांतला लिंबाचा तुकडा चोळण्याचा उपाय मात्र टाळावा. लिंबात प्रकाशाने चेतणारी द्रव्ये असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागले तर फोड येऊ शकतात आणि त्यांचे काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. जंतुनाशक द्रव पाण्यात न मिसळता थेट गालावर लावल्यानेही त्वचा भाजते.

ज्यांना बामने भागत नाही

केस कुरळे असतील तर कापलेले अणकुचीदार टोक वळून पुन्हा त्वचेत शिरते आणि तेथे गाठ, खाज व कधी पू होतो. गळ्यावर हे अधिक दिसते. अनेक पात्यांच्या रेझरमध्ये पहिले पाते केस धरून वर ओढते आणि पुढचे पाते तो कापते, मग उरलेला बुंधा त्वचेच्या पातळीखाली जातो. म्हणजे दाढी जितकी घोटून, तितका हा त्रास जास्त. अशा माणसाने एका पात्याचा रेझर घ्यावा, केसांच्या दिशेनेच फिरवावा, उलट्या दिशेने मुळीच फिरवू नये आणि त्वचा ताणून धरू नये. येथे निवडायचा फेस भरपूर निसरडा हवा, आणि दाढी नसलेल्या दिवशी सॅलिसिलिक आम्ल असलेले सौम्य लोशन लावले तर त्वचेत अडकलेली टोके मोकळी व्हायला मदत होते. ते दाढीनंतर लगेच लावले तर मात्र झोंबते.

आपल्याकडच्या सावळ्या आणि गव्हाळ त्वचेत असा दाह वरचेवर झाला की ती जागा काळवंडते. हे काळवंडणे म्हणजे त्वचेने दाहाला दिलेले उत्तर आहे, ते घासून जात नाही. दाह थांबवला, बामनंतर सनस्क्रीन लावले आणि काही महिने धीर धरला, तर ते हळूहळू फिके होते. पण नेमके याच टप्प्यावर मेडिकलच्या दुकानातून एखादी ‘गोरेपणाची’ किंवा ‘सर्व कामांची’ ट्यूब आणली जाते, आणि तिच्यात बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासॉलसारखे स्टिरॉइड असते. दोन दिवसांत लाली जाते, गाल उजळ दिसतो आणि ती ट्यूब रोजच्या आफ्टरशेव्हची जागा घेते. काही आठवड्यांनी त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमे येतात, आणि ट्यूब बंद करताच चेहरा पहिल्यापेक्षा अधिक लाल होऊन पेटतो. भारतातील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध खास मोहीम चालवली आहे, आणि 2018 साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे शेड्यूल एचमध्ये घालून चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरीही ती सर्रास मिळतात. बामच्या जागी येणाऱ्या कोणत्याही ट्यूबवर यांपैकी एखादे नाव दिसले, तर ती डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय चेहऱ्याला लावू नये, मग ती कोणीही सुचवलेली असो.

पू भरलेले फोड, गोल कडा असलेले खाजरे चट्टे किंवा एका ठिकाणचे केस सहज निघून येणे ही लक्षणे संसर्गाची असू शकतात, विशेषतः दाढीच्या नायट्याची. त्यावर बाम चोळत बसण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे, आणि तोवर रेझर बाजूला ठेवून ट्रिमरने केस मिलिमीटरभर राखावेत. घरात एकच रेझर किंवा एकच टॉवेल दोघे वापरत असतील, तर ती सवय त्याच दिवशी मोडावी.